न फुगलेले मणी

१

वीरण्णाचे मणी फुगले नाहीत, त्या सकाळी आमच्या लातूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी चालली होती. मी बाटल्यांवर नंबर चिकटवत होतो. तेवढ्यात मागच्या छोट्या खोलीतून वीरण्णा कोरेची हाक आली, "पंढरी! हिकडं ये. पळ!"

आत गेलो तर हा परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून उभा होता. नळीत मेथिलिन क्लोराइड आणि तळाशी चिमूटभर पिवळसर पूड.

"दिसतंय का?"

"काय दिसायचंय? पूड हाय."

"तेच तर! माझे मणी ह्यात टाकले की फुगतात, वर येऊन तरंगतात. ही तळाला बसली. हे माझे न्हाईत, पंढरी. कुणीतरी बदललेत."

एवढं बोलून तो स्टुलावर बसला आणि कपाळाला हात लावला. वीरण्णा कधी रडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र तो रडायच्या बेताला आला होता.

ते सगळं दुष्काळाचं साल होतं. उस्मानाबादपासून वेगळा होऊन आमचा जिल्हा नुकताच बाळसं धरत होता. कलेक्टर कचेरी कुठं, कुठलं खातं कुठल्या भाड्याच्या खोलीत, याचा पत्ता गावातल्या लोकांनाही लागत नसे. पण पत्रावर 'जिल्हा लातूर' लिहिताना आमची छाती फुगायची. नळाला पाणी मात्र जिल्ह्याच्या नावानंही यायचं नाही. आलं तरी गढूळ, आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. डाळमिलच्या बाजूनं तुरीचा खमंग वास यायचा, टँकरमागं घागरी घेतलेल्या बाया धावायच्या, आणि अशा गावात आमचा वीरण्णा मेंदूत तयार होणारं वेदनाशामक द्रव्य बनवायला निघाला होता. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. मला मात्र ते दिवस फार आठवतात.

त्याची पद्धत तेव्हा आमच्या भागात नवीन होती. एरवी आम्ही रसायनं विरघळवून एकत्र उकळायचो, गाळायचो, स्फटिक करायचो, आणि प्रत्येक पायरीला अर्धा माल हरवायचो. वीरण्णा प्लास्टिकच्या जातीच्या बारीक मण्यांवर काम करायचा. रेझिनचे मणी, रव्याहून बारीक. हाराचं एक टोक खिळ्याला बांधावं आणि एकेक फूल ओवत जावं, तसं तो मण्याला पहिलं अमिनो आम्ल पक्कं जोडायचा, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. दर वेळी जास्तीचं रसायन धुऊन टाकायचं. जोडलेलं मण्यावरच राहतं. त्या वेदनाशामक द्रव्याची पाचही अमिनो आम्लं ओवून झाली होती. आता मण्यावरून माळ सोडवायची तेवढी बाकी होती.

ते काम काच खाणाऱ्या एका भयंकर आम्लात करावं लागे, आणि त्याचं यंत्र हैदराबादला त्याच्या गाइडकडं होतं. गाइड त्याच महिन्याअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर त्या यंत्राला कोण हात लावू देणार? त्या आठवड्यात मणी घेऊन हैदराबाद गाठलं नाही, तर वीरण्णाची पीएच.डी. संपली. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या किती सुट्ट्या त्यात गेल्या होत्या, हे त्याच्या बायकोला विचारावं.

"कवा बदलले असतील?" मी विचारलं.

"परवा बिलोलीला बहिणीच्या लग्नाच्या सुपारीला गेलो तवा. काल संध्याकाळी आलो, माल बाटलीत भरलेला होता. आज पाहिलं तर असं."

दारात कुणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर परीक्षेच्या बहिःस्थ परीक्षक, नांदेडच्या होनराव बाई, हातात केळ्यांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

२

गौरम्मा होनराव हे नाव ऐकलं की मराठवाड्यातली बी.एस्सी.ची पोरं पुन्हा जर्नल उघडून बसायची. ठेंगण्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, डोळ्यांवर जाड चष्मा. पोरगं उत्तर पाठ करून आलंय की प्रयोग करून, हे त्या त्याच्या हाताच्या डागांवरून सांगायच्या.

"अर्धापूरची केळी आणलीत," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं पाणी न्हाई म्हणून ऐकलं. आमची गोदावरी पिशवीत घालून आणता येईना." लातूरकरांना टोमणा मारल्याशिवाय नांदेडच्या माणसाला जेवण जात नाही. मग त्या वीरण्णाकडं वळल्या. "पोरं यायला अजून अवकाश हाय. बघू ती पूड."

वनस्पतिशास्त्राकडून मी सूक्ष्मदर्शक आणला. वीरण्णाच्या एका जुन्या नळीच्या बुडाशी खरे चार मणी चिकटून राहिले होते. ते एका काचेवर घेतले, बाटलीतली पूड दुसऱ्या काचेवर. बाईंनी पाहिलं आणि मला बोलावलं.

"सुरवसे, सांगा."

खरे मणी गोल गरगरीत होते. बाटलीतले तुकडे कोनेदार, फुटलेल्या काचेसारखे.

"हे कुणीतरी कुटलेत," मी म्हणालो.

"कुटून चाळलेत. जाड मणी बारीक करून. असलं जाड रेझिन गावात कुठं मिळतं?"

ते सगळ्यांना माहीत होतं. कॉलेजच्या फाटकासमोर जिलानीचं बॅटरीचं दुकान होतं. दुष्काळात ऊर्ध्वपातनाला पाणी कुठलं? म्हणून तो बोअरचं खारट पाणी रेझिनच्या नळकांड्यातून सोडून बॅटरीसाठी शुद्ध करायचा, आणि आम्हालाही कॅन भरून द्यायचा. वापरून निकामी झालेलं रेझिन दुकानाबाहेर घमेल्यात पडलेलं असे. कुणीही मूठभर उचलावं.

"म्हणजे जिलानी!" वीरण्णा उठलाच.

"बसा. घमेलं त्याचं हाय, एवढंच कळलं," बाई म्हणाल्या. "खोलीची किल्ली कुणाकडं असती?"

किल्ल्या चौघांकडं होत्या. वीरण्णाकडं, माझ्याकडं, आमच्याच विभागात शिकवणाऱ्या बिडवेकडं आणि विभागप्रमुख उंबरगे सरांकडं. जिलानी कॅन ठेवायला आत यायचा, पण आमच्यापैकी कुणीतरी बरोबर असल्यावर.

बाई खोलीत फिरू लागल्या. वीरण्णाचं काचेचं भांडं, ज्यात तो मणी धुवायचा आणि सुकवायचा, ते चकचकीत धुऊन पालथं ठेवलं होतं. वीरण्णा म्हणाला, त्यानं जाताना ते तसं ठेवलंच नव्हतं. ओलसर मणी त्यातच बूच लावून ठेवले होते. आल्यावर वाटलं, पंढरीनं सुकलेले पाहून बाटलीत भरले असतील. मी कानावर हात ठेवले.

भिंतीशी नळ, नळाला पितळी फिल्टर पंप, आणि पंपापासून जाड रबरी नळी. नळातून जोरात पाणी सोडलं की तो पंप बाजूच्या नळीतून हवा खेचतो, आणि भांड्यात निर्वात होतं. बाईंनी ती रबरी नळी उपसली, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि नळीचं भांड्याकडचं टोक त्यावर ठोकलं. आतून करड्या मातीची वाळलेली पापुद्री पडली.

बाई त्या मातीकडं बराच वेळ पाहत राहिल्या. "हवेच्या नळीत चिखल," त्या पुटपुटल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तेवढ्यात बिडवेच्या टेबलाकडं गेलेला वीरण्णा ओरडला. त्याच्या हातात चिनी मातीचा खल होता, आणि खलाच्या कडेला तपकिरी-पिवळी पूड चिकटलेली होती.

३

बसवंत बिडवे आणि वीरण्णा एकाच वर्षी लागले होते. पुढच्या बढतीची जागा एकच होती, आणि पीएच.डी. होईल त्याला ती मिळणार हे उघड होतं. बिडवे बोलायला तिखट, पण वर्गात पोरांचा लाडका. खल पाहून त्याचं तोंड उतरलं.

"परीक्षेचे दिवस हायत. सगळे खल बाहेर काढलेत. कुणीबी वापरंल," तो म्हणाला. "आन् वीरण्णा, मला तुझं वाईट करायचं असतं तर बाटली नालीत ओतली असती. कुटत कशाला बसलो असतो?"

"म्हणून कुटलं असंल! माझंच काम फसलं असं दिसावं म्हणून!"

दोघं हातघाईवर येणार तेवढ्यात बाई मध्ये आल्या. "भांडू नका. मी तोंडी परीक्षा घ्यायला आलेय. पोरांच्या आधी तुमची घेते. सगळ्यांना एकच प्रश्न."

मला हसू आलं. पण बाई हसत नव्हत्या.

पहिला मीच. "सुरवसे, वीरण्णांच्या मण्यांवर समजा गढूळ पाणी पडलं. काय कराल?"

वीरण्णानं दिवाळीआधी विभागात आपल्या कामावर व्याख्यान दिलं होतं. त्यातलं अर्धं मी पेंगत ऐकलं होतं, पण हे लक्षात होतं. "धुवायचं, बाई. आधी साध्या पाण्यानं, मग अल्कोहोलनं, मग मेथिलिन क्लोराइडनं. माळ मण्याला पक्की जोडलेली असती, घाण निघून जाती."

बिडवे म्हणाला, "त्याच व्याख्यानात मी म्हणलो होतो की, म्हणजे बिघडलं तर अंघोळ घालायची आन् पुन्हा कामाला लावायचं! सगळे हसले होते. इचारा पंढरीला."

खरं होतं. सगळ्यात मोठ्यानं वीरण्णाच हसला होता.

जिलानी कॅन घेऊन आला तेव्हा त्यालाही बाईंनी अडवलं. तो गोंधळला. "मॅडम, कोरे साबांची बाटली मी उघडली बी न्हाई कवा. आत कसला माल हाय, मला काय ठाऊक? माझं रेझिन म्हणाल तर ते पाण्यातच ऱ्हातं. तुम्हाला मूठभर पायजे तर न्या की, घमेल्यातून कोण बी नेतंय. पोरं खेळायला नेतात."

"कॉलेजातलं कुणी आलं होतं न्यायला?"

"मी नमाजला जातो, जेवायला जातो. घमेलं बाहेरच असतंय. काय सांगू?"

जिलानी गेल्यावर मी म्हणालो, "बाई, ह्यातून काय निघालं? सगळे सुटले."

"एकजण राह्यलेत," बाई म्हणाल्या.

उंबरगे सर कलेक्टर कचेरीतून कॉलेजसाठी टँकर मंजूर करून नुकतेच परतले होते. घामानं निथळत, धोतराचा सोगा हातात धरून ते व्हरांड्यात आले. महादेवप्पा उंबरगे म्हणजे आमचा विभाग. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेला माणूस, नंतर मराठीतून आम्हा सगळ्यांना शिकवलं. वीरण्णा त्यांचा सगळ्यात आवडता विद्यार्थी. त्याला इथं नोकरी त्यांनीच लावली. हे हैदराबादचं कामही त्यांच्याच आग्रहानं सुरू झालं होतं, कारण त्यांची स्वतःची पीएच.डी. कधी झाली नाही.

बाईंनी त्यांना पाणी दिलं, केळं दिलं. हवापाण्याचं बोलणं झालं. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, "सर, ह्या नव्या रेझिनच्या कामात एक शंका हाय. मण्यांवर गढूळ पाणी पडलं तर?"

सरांचा केळं सोलणारा हात थांबला.

"मग काय राह्यलं, बाई?" ते म्हणाले. "सगळं मातीत गेलं. एवढ्या वर्षांची मेहनत. कायच करता येत न्हाई."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. आणि मला एकाएकी आठवलं की वीरण्णाच्या व्याख्यानाच्या दिवशी उंबरगे सर कचेरीत टँकरसाठीच बसून होते.

४

बाईंनी सरांच्या खोलीचं दार लावून घेतलं. आत आम्ही पाचच जण. सर, बाई, वीरण्णा, बिडवे आणि मी.

"हे चोरीचं प्रकरण न्हाई," बाईंनी सुरुवात केली आणि पर्समधला कागद टेबलावर उलगडला. "ही माती हवेच्या नळीतून निघाली. हवेच्या नळीत चिखल येतो एकाच वेळी. पंप चालू असताना नळाचं पाणी अचानक जातं तेव्हा. भांड्यात निर्वात असती, ती उलटं खेचती, आणि नळातलं गढूळ पाणी सरळ भांड्यात शिरतं. म्हणजे वीरण्णा नसताना कुणीतरी पंप लावून मणी सुकवत होतं."

"सुकवत?" वीरण्णा म्हणाला. "माझं वाईट करायला आलेला माणूस माझे मणी सुकवंल कशाला?"

"तेच म्हणतेय. वाईट करायला आला नव्हता. मदत करायला आला होता. त्या दिवशी अवचित नळाला पाणी आलं. दुष्काळात पाणी आलं की माणूस हातातलं काम टाकून पाण्याची कामं उरकतो. त्यानं तुमचं काम उरकायला घेतलं, आणि पाणी गेलं. भांड्यात चिखल भरला."



"आता बघा. सुरवसे किंवा बिडवे असते तर त्यांनी मणी धुतले असते. दोघांनाही ठाऊक हाय की पाण्यानं काय बिघडत न्हाई. बिडवेंना वाईटच करायचं असतं, तर भांडं तसंच चिखलात ठेवलं असतं, सगळ्यांना दिसंल असं. जिलानीनं बाटलीतला माल पाहिलाच न्हाई, किती बारीक कुटायचं हे त्याला कळलं नसतं. मणी टाकून देऊन त्यांच्या जागी दुसरे भरायची गरज एकाच माणसाला वाटणार. ज्याला वाटलं की सगळं कायमचं गेलं. ज्याला जुनं रसायनशास्त्र येतं. त्यात पाणी शिरलं की माल संपला."

कुणीच सरांकडं पाहत नव्हतं. सर स्वतःच बोलले.

"मीच," ते म्हणाले. "वीरण्णा बिलोलीला गेला, येऊन लगेच हैदराबादला निघायचं, आन् मणी ओलेच. दुपारी नळाला पाणी आलं. म्हटलं, पोराचं तेवढं काम करून ठेवावं. पंप लावला आन् तिकडं टँकरवाला आला म्हणून फाटकाकडं गेलो. परत येतो तर भांड्यात चिखल." त्यांनी मान खाली घातली. "काय तोंड दाखवू, असं झालं मला. म्हटलं, ह्याला वाटू दे की प्रयोग फसला. प्रयोग तर माझेबी लई फसले. माणूस त्यातून सावरतो. पण सरांनी घालवलं, हे कळलं असतं तर..."

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. दोन्ही एकदम.

वीरण्णा उभा राहिला. "सर, पाण्यानं कायच झालं नव्हतं! मला नुसतं सांगितलं असतं तर मी तासाभरात धुऊन घेतले असते. तुम्ही मला इचारलं बी न्हाई!" त्याचा आवाज चढला. बत्तीस वर्षांच्या माणसानं आपल्या गुरूवर असं ओरडावं, हे आमच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. "कुठं टाकले? नालीत?"

सरांनी मान हलवली. "ह्या दिवसांत पाणी नालीत कोण टाकतं? ग्रंथालयामागं कडुलिंब हाय. जिल्हा झाला त्या दिवशी लावलेल्यांपैकी तेवढाच जगलाय. सगळं धुतलेलं पाणी मी त्यालाच घालतो."

वीरण्णा दार उघडून पळत सुटला होता. त्याच्यामागं आम्ही.

५

कडुलिंबाच्या आळ्यात वाळलेल्या गाळावर पांढुरकी पातळ साय धरली होती. ते मणी होते. मातीत मुरायला त्यांना पाणीच मिळालं नव्हतं.

पुढचं काम बाईंनी परीक्षेच्या मधल्या सुट्टीत सांगितलं आणि आम्ही केलं. वरची माती चमच्यानं खरवडली, पालापाचोळा चाळून काढला आणि उरलेलं क्लोरोफॉर्ममध्ये टाकून ढवळलं. माती खाली बसली. मणी हळूहळू फुगले आणि वर आले. बिडवेनं आपल्या हातानं ते काढले, चिनी मातीच्या बशीत ठेवले आणि वीरण्णाकडं सरकवले. दोघांमध्ये तेवढंच बोलणं झालं. सगळे मणी मिळाले नाहीत, पण पुरेसे मिळाले. धुतले, गाळले, पुन्हा धुतले. जिलानीनं पाण्याचे कॅन आणून दिले आणि काय चाललंय ते विचारलं नाही.

होनराव बाई संध्याकाळच्या एस.टी.नं नांदेडला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "सुरवसे, तुमची पोरं बरी हायत. मास्तर मात्र एकमेकांशी बोलत न्हाईत." निरोपाचं बोलणं म्हणजे बाईंचं हेच.

वीरण्णा हैदराबादला गेला तो सरांशी एक शब्द न बोलता. माळ मण्यावरून सुटली, शुद्ध निघाली, गाइडनं आपल्या निवृत्तीच्या समारंभात तिचा उल्लेख केला, हे सगळं त्यानं मला पत्रानं कळवलं. सरांबद्दल त्यात ओळ नव्हती. इकडं सर रोज येत, दाराआड बसून राहत. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं की विभागप्रमुखपद सोडतो, आता माझं काम संपलं. आम्ही काय म्हणणार? त्यांच्या दारावरून जाताना आम्ही खाली बघून पुढं सरकायचो.

जून उजाडला. कॉलेज उघडलं. वीरण्णा परत आला आणि बॅगही न ठेवता सरळ सरांच्या खोलीत गेला. मी दारात होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"सर, उद्या तिसऱ्या वर्षाचा तुमचा तास मी घेणार."

"घे बाबा. आता सगळेच तास तुझे."

"न्हाई. तुमचा तास हाय, तुम्ही यायचं. पहिल्या बाकावर बसायचं. नवीन पद्धत शिकवणार हाय. रोज यायचं, मधी सुट्टी न्हाई."

मला वाटलं, ते येणार नाहीत. एवढा मानी माणूस, स्वतःच्या पोरांसमोर बाकावर बसेल कसा?

दुसऱ्या दिवशी घंटा झाली आणि सर आले. पोरं उठून उभी राहिली. सरांनी हातानं बसायची खूण केली आणि स्वतः पहिल्या बाकाच्या कडेला अंग चोरून बसले. वीरण्णानं फळ्यावर काहीच लिहिलं नाही. त्यानं हजेरी घ्यायला सुरुवात केली, एकेक नाव शांतपणे. शेवटचं नाव झालं. मग त्यानं हजेरीपट मिटला, समोर पाहिलं आणि म्हणाला,

"महादेवप्पा उंबरगे."

सर उभे राहिले. धोतर सावरलं, हात पाठीमागं घेतले, आणि आम्ही त्यांच्यासमोर जसं म्हणायचो अगदी तसं, मोठ्यानं म्हणाले,

"हजर, सर."